ब्रेकची चकती आणि जुने पॅड

मंडळी, बुटीबोरीहून नागपूरला फटफटीने जाताना पुढचा ट्रक एकदम थांबला, तर आपला जीव पुढच्या चाकाच्या चकतीवर असतो. दोन पॅड तिला चिमटीत धरतात, तेव्हा चाक थांबते.

चकती झिजते. किती झिजेपर्यंत चालेल, तो आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो, जसे ३.५ मिलिमीटर. आता आपल्याला आकडे वाचता येतात. मिस्त्रीकडून मोजून घ्यावे.

नवी चकती बसवताना मिस्त्री म्हणतो, "पॅड जाड आहेत, चालतील." आम्हांला हे पटत नाही. जुन्या पॅडवर जुन्या चकतीचे चर उमटलेले असतात. नवी चकती सपाट. दोघांचे अंग नीट टेकत नाही, पकड कमी पडते. पॅड अगदी नवे, सपाट असले तर गोष्ट वेगळी. तेल प्यालेले मात्र फेकाच. नवे पॅड घातले तरी सुरुवातीला गाडी हळू चालवा. पकड हळूहळू येते.