नवी नर्स आणि आयसीयूचे दार

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हांला ‘नर्सिंगमधील संधी’ या विषयावर बोलायला सांगितले. संध्यांची यादी कोणत्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली असते, म्हणून आम्ही आमचीच हकीकत सांगतो. आम्ही चौघी मैत्रिणी. २०१६ साली जी.एन.एम. पास झालो, मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली आणि फाइल काखेत घेऊन अकोल्याच्या रामदासपेठेपासून अमरावतीच्या राजापेठपर्यंत हिंडलो. अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा हा रेल्वेचा रस्ता तोंडपाठ झाला. आम्हांला आयसीयूच पाहिजे होते. प्रशिक्षणात काही दिवस तिथे ड्यूटी लागली होती, आणि मरणाच्या दारातून माणूस परत येताना आम्ही डोळ्यांनी पाहिला होता.

घरून विरोध होताच. माय म्हणे, “रातची ड्यूटी कायले पाहिजे वं? ओपीडीत बस ना कुठं.” स्थळ पाहायला आलेली मंडळी चहा पिता पिता विचारत, “रातपाळी सोडाल ना?” तो विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी पुरुषमंडळींपुढे बोलायचे आहे.

मोठ्या दवाखान्यात पहिलाच प्रश्न, “अनुभव किती?” अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. दोन महिने हेच चालले. मग एका लहान खासगी दवाखान्यात आमच्यातल्या एकीला कोणी काही न विचारता घेतले. आम्ही पेढे वाटले. तिसऱ्याच दिवशी तिला रात्री एकटीला आयसीयूत ठेवले. पेशंट चार, त्यांतले दोन व्हेंटिलेटरवर, डॉक्टर खालच्या मजल्यावर झोपलेले. व्हेंटिलेटरवरच्या एका रोग्यामागे एक नर्स असावी, असे आम्हांला वर्गात शिकवले होते. अलार्म वाजला की तो कशाचा, नळी कफाने तुंबली की निघाली, हेच तिला उमगेना. सकाळी घरी आली आणि रडत बसली. वरून अस्सल प्रमाणपत्रे ठेवून घेतलेली. ती सोडवायला तिच्या वडिलांना चार चकरा माराव्या लागल्या.

तेव्हा पोरींनो, बंद दारापेक्षा सताड उघड्या दाराची भीती जास्त धरा. मुलाखतीत पगार विचारा, जरूर विचारा. पण त्याआधी विचारा की रात्री आमच्यासोबत सीनियर सिस्टर कोण राहील, आणि पहिले किती दिवस शिकाऊ म्हणून राहू. यावर जो चिडतो तिथे जाऊ नका.

दुसरीची गोष्ट ऐका. तिने आयसीयूचा हट्ट सोडला आणि मेडिसिन वॉर्डात लागली. आम्ही हसलो. आमचे चुकलेच. त्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर कडक, पण शिकवणाऱ्या. ड्यूटी संपल्यावर ही पोरगी आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरांची परवानगी काढून अर्धा-एक तास तिथे उभी राहायची. सक्शन कसे करतात, क्रॅश ट्रॉलीत कोणते इंजेक्शन कुठे असते, ईसीजीच्या पट्टीवर काय दिसते, सगळे वहीत उतरवून घ्यायची. आठ महिन्यांनी आयसीयूत जागा निघाली तेव्हा मुलाखतीत हिशेब घातला: पेशंट साठ किलोचा, पन्नास मिलीत चार मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनलिन, दर किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे, तर पंप ताशी किती मिलीवर लावाल? तिने कागदावर मांडून साडेचार सांगितले. इतर जणी दवाखान्यांची नावे सांगत होत्या. जागा हिला मिळाली.

२०१७ च्या पावसाळ्यात फवारणीची विषबाधा आपण सर्वांनी पाहिली. यवतमाळ जिल्ह्यात माणसे दगावली, अकोल्याकडेही रोगी आले. असाच एक शेतमजूर तिच्याकडे होता. अॅट्रोपिन चालू, छाती मोकळी झालेली, बोलायलाही लागला होता. घरचे म्हणत, आता वार्डात हलवा. तिसऱ्या रात्री पाणी पाजताना तिच्या ध्यानात आले की त्याला उशीवरून मानच उचलता येत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस विषात दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास असे होते. आधी मान ढिली पडते, मग श्वासाचे स्नायू. मॉनिटरवर ऑक्सिजन तेव्हा ठीक दिसत होता. तिने रात्री तीन वाजता डॉक्टरांना उठवले. डॉक्टर आधी रागावले, मग येऊन पाहिले आणि नळी टाकली. तो माणूस पुढे आपल्या पायाने घरी गेला. त्याच्या मायने तिला तुरीच्या डाळीची पिशवी आणून दिली होती.

तिसरीने खासगीत अनुभव घेऊन २०२३ ची वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची परीक्षा दिली. ती आज अधिपरिचारिका आहे. चौथी कोरोनात कंत्राटावर लागली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीला पुन्हा टाळेबंदी झाली तेव्हा ती पीपीई किट घालून उभी होती. लाट ओसरली, कंत्राट संपले. टाळ्या वाजवणारे खूप होते, पुढची ऑर्डर देणारे कोणी आले नाही. तिने नर्सिंग सोडले. आज आम्ही बोलावूनही ती आली नाही, आणि तिला दोष देण्याची आमची हिंमत नाही.

कागदांचे एक सांगतो. नोकरी सोडताना अनुभवपत्र घ्या. त्यात तारखा, विभाग आणि दवाखान्याच्या खाटांची संख्या लिहून घ्या. एम्सच्या परीक्षेला जी.एन.एम. वालीला निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बारा खाटांच्या दवाखान्यात पाच वर्षे काढली तरी तिथे ती चालत नाहीत. आम्हांला हे उशिरा कळले. पुढे शिकायचे तर आयसीयूच्या परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा, जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका.

भोजनदानानंतर आम्ही तिघी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. ज्या मुलींना अर्ज लिहायचा आहे किंवा पंपाचा हिशेब शिकायचा आहे त्यांनी वही-पेन घेऊन यावे. कागदपत्रांच्या झेरॉक्सच आणा. अस्सल घरी पेटीत राहू द्या. जयभीम.