घरचा आहेर



एखाद्या पुढाऱ्यानं स्वतःच्याच पक्षाला चार शब्द सुनावले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा ठरलेला: 'घरचा आहेर'. पक्षाच्या कचेरीत तोंडं उतरतात. ऐन निवडणुकीत हे कशाला काढलं? मतदार बिथरतील ना!

कॉलेजात असताना मीही एका पक्षाच्या चिठ्ठ्या वाटत चाळी पालथ्या घातल्या आहेत. एका दारात आजीबाईंनी विचारलं, "नळाला पाणी कधी येणार?" नगरपालिका आमच्याच पक्षाची. शिकवल्याप्रमाणे मी म्हणालो, "काम मंजूर झालंय." आजी म्हणाल्या, "मागच्या वेळीही मंजूरच होतं," आणि दार लोटलं. पुढच्या दारात तोच प्रश्न आला. माझा मित्र बोलून गेला, "मावशी, पाण्याच्या बाबतीत चुकलंच आमचं." मावशींनी आत बोलावलं, बसायला सतरंजी टाकली. मत कुणाला दिलं ते मतपेटीलाच ठाऊक. पण आमचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं.

ही झाली दारातली गोष्ट. मतपेटीत काय होतं?  माझा दाखला 1957 सालचा आहे.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र दिल्लीनं नाकारला होता. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. काँग्रेसमधल्या मराठी पुढाऱ्यांना आता बोलणंही जड आणि गप्प बसणंही जड. चिंतामणराव देशमुखांनी 1956 च्या जुलैत अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत थेट पंतप्रधान नेहरूंच्या वागण्यावर बोट ठेवलं. महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. पुढची निवडणूक मात्र ते लढले नाहीत, त्यामुळे त्या टीकेचं मतांमध्ये मोल किती, हे कळायला मार्ग उरला नाही.

ते कळतं काकासाहेब गाडगीळांकडे पाहून. पुण्याचे खासदार, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री. याच काकासाहेबांनी 1955 च्या अखेरीस लोकसभेत बजावलं, की असंच चाललं तर मुंबईचा निकाल मुंबईच्या रस्त्यांवर लागेल. नेहरूंना ते मुळीच रुचलं नाही. पण काकासाहेबांनी पक्ष सोडला नाही. 1957 साली ते पुण्यातून काँग्रेसच्या बैलजोडीवरच उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर लढणाऱ्या नानासाहेब गोऱ्यांकडून हरले.

पक्षशिस्तीचे अभिमानी म्हणतील, बघा, घरची धुणी चव्हाट्यावर धुवून काय मिळालं? मला ते पटत नाही. पुणेकरांचा काकासाहेबांच्या शब्दावर अविश्वास होता असं मुळीच नाही. पण मत टाकायचं बैलजोडीच्या पेटीत, आणि बैलजोडी तर जागची हललेली नव्हती. काकासाहेबांचं म्हणणं पटलं, म्हणूनच काहींनी गोऱ्यांना मत दिलं असेल, असं मला आपलं वाटतं.

बरं, गप्प बसलेल्यांचं तरी भलं झालं का? काँग्रेसच्याच यशवंतराव चव्हाणांनी फलटणला सांगून टाकलं होतं, की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं. त्याबद्दल त्यांनी शिव्याशाप खाल्ले. 1957 ला कऱ्हाडमध्ये ते थोडक्या मतांनी कसेबसे तरले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचं सरकार टिकलं ते विदर्भ आणि गुजरातच्या जागांवर.

खरी गंमत पुढे आहे. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झालेले हेच यशवंतराव हळूहळू दिल्लीला पटवत गेले, की हे राज्य टिकणार नाही. म्हणजे मूळ दुखणं तेच, जे काकासाहेबांनी भर लोकसभेत बोलून दाखवलं होतं. फक्त आता ते बंद दाराआड सांगितलं जात होतं आणि सांगणाऱ्याच्या हाती निवडणुकीचे आकडे होते. दिल्लीनं ऐकलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला 264 पैकी 215 जागा मिळाल्या.

तेव्हा माझं उत्तर असं: नुसत्या टीकेनं मतं जातही नाहीत आणि येतही नाहीत. टीका ऐकून पक्ष हलला तर येतात. पण ती टीका करणाऱ्याच्याच पदरात पडतील, याचा काही भरवसा नाही.

पुण्याची लोकसभेची जागाही 1962 साली काँग्रेसला परत मिळाली. निवडून आले ते काकासाहेब नव्हेत, शंकरराव मोरे. एके काळी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांपैकी ते एक.