नौकेचा विमा : हप्त्यापूर्वी वापर पाहावा

(किनारपट्टीतील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



तारकर्लीच्या किनाऱ्यापासून तापोळ्याच्या जलाशयापर्यंत आज पर्यटकांच्या नौका दिसतात. अनेक कुटुंबांनी कर्ज काढून हा व्यवसाय पत्करला आहे. नौका घेताना लाकूड, यंत्र, बांधणी सारे पारखले जाते. विमा घेताना मात्र हप्ता कोठे कमी, एवढेच पाहिले जाते. वस्तुतः पहिला प्रश्न असावा तो हा, की नौकेचा वापर कशासाठी होणार?

मासेमारीसाठी अथवा घरच्या मंडळींच्या विहारासाठी म्हणून विमा उतरविलेली नौका भाडे घेऊन पर्यटकांना नेऊ लागली, की विम्याचा आधारच डळमळतो. १९६३ च्या सागरी विमा अधिनियमाने हा करार परम विश्वासाचा मानला आहे. महत्त्वाची माहिती दडविल्यास कंपनी करार नाकारू शकते. कर्ज मात्र शिल्लक राहते.

त्यानंतर विम्याची तीन अंगे तपासावीत. पहिले, नौका व यंत्र. नौकेचे मूल्य आधीच उभयपक्षी ठरलेले असल्यास संपूर्ण हानीनंतर किमतीचा वाद उरत नाही. दुसरे, आपल्या नौकेमुळे इतरांची हानी झाल्यास येणारे दायित्व. तिसरे, प्रवासी व खलाशी यांचा अपघात विमा. पहिल्या अंगाने मालक सावरतो. उरलेल्या दोहोंवाचून दुर्घटनाग्रस्तांचे कुटुंब निराधार होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान नौका आदळून जीवितहानी झाली. संकट दुसरीकडूनही येते, हे या घटनेने दाखवून दिले.

पॉलिसीतील जलक्षेत्राची सीमा, प्रवाशांची कमाल संख्या व तांडेलाचा परवाना या अटीही वाचाव्यात. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना आग व चोरीपासून संरक्षण आहे काय, हेही विचारावे. नद्या व जलाशयांतील यंत्रचलित नौकांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये नोंदणी, तपासणी व विमा यांची तरतूद आहे.

या अटी बहुधा इंग्रजीत असतात. म्हणून माझी विनंती अशी, की हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने नौकामालकांची बैठक बोलवावी आणि शिक्षकांनी त्यांना पॉलिसी मराठीतून समजावून द्यावी. विमा गेलेला जीव परत आणीत नाही. त्यासाठी जीवरक्षक जाकिटे व तांडेलाची सावधानताच हवी. परंतु मागे राहिलेल्यांचा संसार तो निश्चित सावरू शकतो.