नगराचा नकाशा आणि आपली वस्ती

(वर्धा जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो प्रथमदर्शनी आपणांस रूक्ष वाटेल. नगरपरिषदेच्या कार्यालयात एक रंगीत नकाशा असतो. त्यात पिवळा रंग राहत्या घरांचा, निळा दुकानदारीचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा मोकळ्या जागांचा, असे साधारणपणे मानतात. या नकाशास विकास योजना म्हणतात. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचा हा नकाशा डोळ्यांनी पाहिला आहे? आणि ज्यांनी पाहिला, त्यांपैकी किती जणांनी त्यावर आपली वस्ती शोधून काढली आहे? मला वाटते, फारच थोड्यांनी. ज्या कागदावर आपल्या मुलाबाळांच्या पुढील वीस वर्षांची हवा, पाणी आणि रस्ता ठरतो, तो कागद आपण पाहतही नाही, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

कोणी कोठे राहावे हे ठरविणारा नकाशा आपल्या समाजास नवा नाही. तो कागदावर काढलेला नव्हता, एवढेच. गाव आत आणि आपण गावकुसाबाहेर. गावाची विहीर वेगळी, आपला पाणवठा वेगळा, आपले स्मशानही वेगळे. या नकाशात फेरबदल मागण्याची सोय नव्हती आणि हरकत ऐकून घेणारा अधिकारीही नव्हता. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते याच अनुभवातून आलेले होते. आपण त्रिशरण आणि पंचशील स्वीकारले, त्या क्षणी आपल्या मनाने गावकूस ओलांडले. परंतु आपली घरे मात्र बहुतेक ठिकाणी पूर्वी होती तेथेच उभी आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकून त्यांना समता नगर, भीमनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय योग्यच होता आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. त्याच महिन्यात शासनाने आणखी एक गोष्ट केली. बृहन्मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळून राज्यातील नियोजन प्राधिकरणांसाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आणली. कोणत्या जागेवर काय बांधता येईल, किती उंच बांधता येईल, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडावे लागेल, हे ती नियमावली सांगते. पहिल्या निर्णयावर आपण आनंद व्यक्त केला. दुसरा निर्णय आपल्यापैकी कोणी वाचला? पाटीवरील नाव बदलले तरी त्या पाटीशेजारी सरकीचे गोदाम उभे राहणार की बालवाडी, हे दुसऱ्या कागदावर ठरत असते.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. केंटकी राज्यातील लुईव्हिल या शहराने १९१४ साली एक कायदा केला. ज्या गल्लीत गोऱ्यांची घरे अधिक असतील, तेथे काळ्या माणसाने घर करावयाचे नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली हा कायदा रद्द ठरविला. मग काय झाले? अनेक शहरांनी वर्णाचा शब्दही न उच्चारता तेच काम नकाशाकडून करून घेतले. येथे मोठेच भूखंड असावेत, तेथे कारखाने असावेत, आणि ‘तेथे’ म्हणजे पुष्कळदा काळ्यांच्या वस्तीलगत. न्यूयॉर्कने आपली वापर विभागांची पहिली नियमावली १९१६ साली केली, त्याच वर्षापर्यंत बाबासाहेब त्या शहरात शिकत होते. हा केवळ योगायोग आहे, परंतु आपण लक्षात ठेवावा असा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वर्धा हे शहर आपोआप वाढलेले नाही. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी ते आखून बसविले गेले. रुंद आणि सरळ रस्ते ही त्याची मूळची खूण आहे. पुढे गावे वाढली, शेतांवर ले-आऊट पडले, आणि ज्यांच्याजवळ विकत घ्यावयास पैसा नव्हता ते नझूलच्या जागेवर, नाल्याच्या काठाला किंवा झुडपी जंगलाच्या जमिनीवर झोपड्या घालून राहिले. आज जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या सहा नगरपरिषदा आहेत. सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी या नगरपंचायती आहेत. नकाशाचे प्रश्न या सर्व ठिकाणी उद्भवतात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या सर्वांचा मूळ कायदा. त्यातील एक कलम आपण प्रत्येकाने पाठ करावे. ते कलम ३७. मंजूर झालेल्या विकास योजनेत फेरबदल करावयाचा असेल, म्हणजे समजा घरांसाठी ठेवलेली जागा दुकानांकडे द्यावयाची असेल किंवा एखाद्या जागेवरील बागेचे आरक्षण उठवावयाचे असेल, तर नगरपरिषदेने राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते. त्या सूचनेवर एक महिन्याच्या आत ‘कोणत्याही व्यक्तीस’ हरकत घेता येते. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांना नोटीस द्यावी लागते, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि त्यानंतरच प्रस्ताव शासनाकडे मंजुरीस जातो. शिवाय हा फेरबदल योजनेचे मूळ स्वरूप बदलून टाकणारा असता कामा नये, अशीही अट आहे. ‘कोणत्याही व्यक्तीस’ हे शब्द पुन्हा वाचा. हरकत घेणारा जमिनीचा मालक असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मोलकरणीसही ती घेता येते.

दुसरा प्रकार सुटीचा. एखाद्याचा भूखंड अरुंद आहे, नियमाप्रमाणे अंतर सोडले तर घरच बसत नाही. अशा खऱ्या अडचणीत प्राधिकरण मोजमापाच्या नियमांत सूट देऊ शकते. परंतु त्या सुटीमुळे त्या इमारतीतील आणि शेजारच्या वस्तीतील लोकांच्या आरोग्यास, आगीपासूनच्या बचावास व सार्वजनिक सुरक्षिततेस बाधा पोहोचू नये, ही अट नियमावलीतच घातलेली आहे. म्हणजे शेजारी हा नियमाच्या बाहेरचा माणूस नाही. नियमाने त्याला आत बसविले आहे. मात्र कलम ३७ प्रमाणे राजपत्रातील सूचना येथेही मिळेल, असे समजून निर्धास्त राहू नका. शेजारी पाया खोदला जात असेल तर परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. २००५ च्या त्या कायद्याखालील अर्जास दहा रुपये पडतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही पडत नाहीत, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

शेजारच्या सुरक्षिततेचा अर्थ आपल्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री आग लागली. लष्कराचे अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाची माणसे मिळून पंधराहून अधिक जण मृत्यू पावले, आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांस त्या रात्री घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत रोजंदारीवर गेलेले आसपासचे मजूर होते. हे भांडार केंद्र सरकारचे आहे, नगरपरिषदेच्या नकाशाचा तेथे अंमल नाही, हे मी जाणतो. परंतु धोक्याचे काम आणि माणसाची चूल यांत अंतर का सोडावयाचे, हे समजण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. कापसाच्या गंजीला उन्हाळ्यात लागणारी आग तर आपण सर्वांनीच पाहिली आहे. हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेत राहत्या घरांलगत जिनिंगचा विस्तार मागितला गेला, तर पहिला प्रश्न हाच असावयास पाहिजे की अग्निशामक गाडी आपल्या गल्लीत शिरू शकते काय?

आपल्या हरकतीने काय होणार, असे पुष्कळ जण विचारतात. बंगलोरमध्ये एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा वरून आलेल्या आदेशाने एका खाजगी रुग्णालयास देण्यात आली. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. त्यांचा संबंध काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला की बाग ही रहिवाशांच्या हिताची गोष्ट आहे, त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे, आणि ती जागा अशी खाजगी माणसास देता येत नाही. रुग्णालय ही वाईट वस्तू नव्हे; तरीही न्यायालयाने बाग वाचविली. आपल्या वस्तीपुढील मोकळ्या भूखंडासाठी भांडताना हा निकाल उपयोगी पडेल.

हरकत कशी लिहावी याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपण येथेच कमी पडतो. आपली निवेदने फार आवेशपूर्ण असतात. शतकानुशतकांच्या अन्यायाचा उल्लेख पहिल्या ओळीत येतो आणि सर्व्हे नंबर शेवटपर्यंत येत नाही. ऐकणारा अधिकारी मान डोलावतो व ‘हरकत मोघम स्वरूपाची आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. तेव्हा प्रथम सूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा. सर्व्हे नंबर किंवा नझूल शीट क्रमांक लिहा. मग स्वतः मोजून लिहा : प्रस्तावित जागेपासून पहिले घर किती फुटांवर आहे, रस्ता किती रुंद आहे, शाळा किती अंतरावर आहे, विहीर किंवा हातपंप कोठे आहे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहते. पाण्याची आणि नालीची माहिती घरातील स्त्रियांस पुरुषांपेक्षा अधिक असते. त्यांना विचारूनच हा भाग लिहावा, आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. एका कागदावर दोनशे अंगठे उमटविण्यापेक्षा वीस घरांनी आपापल्या अनुभवाच्या वीस वेगळ्या हरकती द्याव्यात, हे मला अधिक परिणामकारक वाटते. शेवटी ‘मला समक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य न विसरता लिहा. दोन प्रती काढा, आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

आता थोडे कडू बोलतो. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. ले-आऊटमधील मोकळी जागा दिसली की रातोरात ओटा बांधून तेथे मूर्ती बसवावी, असा मोह आपल्या तरुणांनाही होतो. सार्वजनिक जागेवर अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे. तो सर्व धर्मांस सारखाच आहे. दुसऱ्याने खेळाचे मैदान व्यापले म्हणून आपण हरकत घ्यावी आणि आपणही तेच करावे, हे बुद्धाच्या अनुयायांस शोभत नाही; शिवाय अशी वास्तू कायम भीतीच्या छायेत उभी राहते. विहारासाठी सरळ मार्ग आहे. १९६६ च्या कायद्यातील कलम २२ विकास योजनेत कोणत्या सार्वजनिक कामांसाठी जागा ठेवता येते ते सांगते, आणि त्यात धार्मिक इमारतींचा उल्लेख आहे. योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, त्या वेळी सूचना मागविल्या जातात. तेव्हा लेखी मागणी करा : आमच्या वस्तीत विहार, वाचनालय व अभ्यासिका यांसाठी जागा दाखवावी.

आपण सूट मागू तेव्हा शेजारीही हरकत घेतील. ती प्रत्येक हरकत जातीच्या द्वेषातून येते असे मानू नका; रस्त्याची, गर्दीची, ध्वनिक्षेपकाची अडचण खरी असू शकते, तिचे निवारण करा. परंतु जेथे हरकतीचे खरे कारण आपला जन्म आहे, तेथे लेखी सुनावणी आपल्याच हिताची असते, कारण तेथे कारण सांगावे लागते. स्मशान, पाणवठा, रस्ता यांसारख्या सामाईक जागेच्या वापरास अडविणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट गुन्हा आहे. बौद्ध झाल्याने या कायद्याचे संरक्षण सुटले, असे काही नवदीक्षित कुटुंबांना कोणी तरी सांगते. ते खोटे आहे. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे.

एक गोष्ट मात्र हरकतीच्याही अगोदरची आहे : आपल्या स्वतःच्या घराचा कागद. वर्धा हा झुडपी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच आहेत असे ठरविले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना सवलतीचा मार्ग ठेवला आणि नंतरच्यांविषयी कठोर भूमिका घेतली. तेव्हा जुनी कर पावती, विजेचे देयक, मतदार यादीतील नाव, वाटपाचा आदेश, जे असेल ते शोधून एका पेटीत ठेवा.

आपल्या प्रभागांतून राखीव जागांवर निवडून गेलेले सदस्य आहेत. त्यांना बोलवा आणि विचारा की या वर्षी कलम ३७ चे किती ठराव सभेपुढे आले, त्यांतील किती आपल्या वस्तीलगतचे होते, आणि त्यांनी कोणत्या बाजूने मत दिले. खेड्यात हाच प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. वस्तीतील तीन शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एकदा नगरपरिषदेचा सूचनाफलक पाहून यावा, आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर काय लागले आहे ते वाचून दाखवावे. सुनावणीचा दिवस कामाचाच असतो. जे जातील त्यांची त्या दिवसाची मजुरी वस्तीने वर्गणीतून द्यावी. सुनावणीत अधिकारी काय लिहून घेतो याकडे लक्ष ठेवा, न समजल्यास वाचून दाखवावयास सांगा, आणि त्याची प्रत मागून घ्या.

जय भीम.