रिकीब : शरीरातील सर्वांत लहान हाड
(भाषणाचा संपादित भाग)



आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड कानात असते. त्याचा आकार घोडेस्वाराच्या रिकिबीसारखा, म्हणून नावही रिकीब. उंची साधारण ३ मिलिमीटर, वजन सुमारे ३ मिलिग्रॅम. आपण जन्मतो तेव्हाच त्याची वाढ पूर्ण झालेली असते. या चिमुकल्या हाडाचे कार्य आणि त्याला जडणारी एक व्याधी यांविषयी मी आज बोलणार आहे.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी आहे; तिला मध्यकर्ण म्हणतात. तेथील हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका राहावा यासाठी युस्टेशियन नलिका तिला नाकामागील घशाशी जोडते. या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे साखळीप्रमाणे गुंफलेली आहेत. हातोडीचा दांडा पडद्यात रुतलेला असतो. रिकिबीचा तळ आंतरकर्णाच्या लंबगोल खिडकीत बसतो. भोवतीचा अस्थिबंध लवचिक असल्यामुळेच तो हलू शकतो.

या साखळीचे प्रयोजन काय? आंतरकर्णात द्रव आहे. हवेतून आलेला ध्वनी थेट द्रवावर आदळला, तर तो जवळजवळ सारा परत फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, ते याच कारणाने. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असते. मोठ्या पृष्ठावरील जोर लहान जागी एकवटतो, त्यास तरफेचे साहाय्य मिळते आणि दाब सुमारे २० पटींनी वाढतो. फार मोठा आवाज झाल्यास जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा एक स्नायू रिकिबीला आवरून धरतो.

ओटोस्क्लेरोसिस या विकारात रिकिबीच्या तळाभोवती नवे हाड वाढते आणि ती जखडली जाते. हा विकार बहुधा तरुण वयात सुरू होतो, स्त्रियांत अधिक आढळतो आणि पुष्कळदा आनुवंशिक असतो. कान दुखत नाही, वाहत नाही. पडदाही बहुधा निरोगी दिसतो. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. “सूनबाई हाक मारली तरी ओ देत नाहीत,” असे म्हणून दोष स्वभावाला दिला जातो, आणि ती बिचारी मनातल्या मनात कुढत राहते.

१९५६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे डॉ. जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली. आता बहुधा तळाला सूक्ष्म छिद्र पाडून त्यात बारीक दट्ट्या बसवितात. बहुसंख्य रुग्णांना चांगला लाभ होतो. क्वचित श्रवणशक्ती गमावण्याचाही धोका असतो, तो आधी समजून घ्यावा. शस्त्रक्रिया नको असेल त्यांना श्रवणयंत्राचा मार्ग खुला आहे.

म्हणून एकच विनंती. घरातील कोणी हाकेला उत्तर देईनासे झाले, तर रागावण्यापूर्वी त्यांची श्रवणचाचणी करून घ्या.