परसबाग आणि फळमाशी



मुरूड-श्रीवर्धनकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, घाटावरची भाजी महाग पडते. अशा वेळी परसातला मांडव घराला हात देतो. पण कारली, पडवळ, काकडी धरू लागली की फळमाशी येते. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या फळ आतून पोखरतात व पुढे मातीत कोष करतात. वरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. आपल्या ताटात मात्र पोहोचते.

म्हणून फळ धरताच जुन्या पातळ कापडाची सैल पिशवी बांधा. किडलेली फळे रोज वेचून हातभर खोल पुरा. एकाने पुरली आणि शेजाऱ्याने कुंपणाबाहेर फेकली, तर माशी कायमच राहील. मित्रहो, हा भार एकट्या आईवर नको. शाळेला निघण्यापूर्वीची पाच मिनिटे मांडवाखाली द्या.