पिवळा मोठा की तांबडा?

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला माझ्यानंतरचे वक्ते आहेत. माझ्या वाट्याला नकाशाचे रंग आले आहेत. विषय ऐकून मागे थोडे हसू झाले. हसा, हरकत नाही. पण गेल्या हंगामात याच रंगांपायी आपल्यातल्या काही जणांनी नको तेव्हा फवारणी केली, आणि काहींनी हवी तेव्हा केली नाही. नकाशा दुसऱ्या कुणाचा नव्हता, आपल्याच मंडळींनी संगणकावर केलेला होता. त्याचा हिशोब द्यायला मी उभा आहे.

आधी एक प्रश्न. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सगळ्यात जहाल. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. निळ्यापेक्षा पिवळा जहाल हे इथल्या किती जणांना माहीत होते? हात कमीच वर आले. आणि हिरवा म्हणजे बिनविषारी असे समजून उघड्या हाताने औषध कालवणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. हिरवा म्हणजे कमी विषारी, विष ते विषच. रंग आपण होऊन काही सांगत नाही. कोणत्या रंगाचा अर्थ काय हे जिथे लिहिलेले असते त्याला सूची म्हणतात. शाळेत भूगोलाच्या नकाशात खाली कोपऱ्यात चौकट असायची, तीच.

आता खिशातला मोबाईल काढा. हवामान खात्याचे दोन नकाशे आपल्याकडे फिरतात. एक इशाऱ्याचा. त्यात हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि तांबडा म्हणजे हालचाल करा. म्हणजे तांबडा सर्वात गंभीर. दुसरा नकाशा पावसाच्या तुटीचा. त्यात सरासरीपेक्षा 20 ते 59 टक्के कमी पाऊस झालेला जिल्हा तांबडा, आणि 60 ते 99 टक्के कमी झालेला जिल्हा पिवळा! खाते एकच, पण एका नकाशात तांबडा मोठा, दुसऱ्यात पिवळा मोठा. दोन्ही नकाशांवर सूची छापलेली असते, त्यामुळे लपवाछपवी कुणी केली असे म्हणता येणार नाही. पण मोबाईलवर पुढे पाठवताना आपण चित्र कापतो, सूची खाली राहून जाते, आणि मग पिवळा जिल्हा पाहून माणूस म्हणतो, ‘चला, आपल्याकडे तांबडे नाही.’

त्याच नकाशातला हिरवाही नीट वाचायला हवा. उणे 19 पासून अधिक 19 टक्क्यांपर्यंत सगळे हिरवे, म्हणजे ‘सरासरीइतके’. समजा जिल्ह्याची सरासरी 800 मिलिमीटर आहे. 648 मिलिमीटर पडला तर जिल्हा हिरवा, 640 पडला तर तांबडा. आठ मिलिमीटरने रंग पालटला. उलट 640 पडो की 328 पडो, तांबडा तोच. शिवाय तो आकडा पूर्ण जिल्ह्याचा. ज्वारी पोटरीत असताना तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि नंतर चार दिवसांत कोसळून भरपाई झाली, तर नकाशा हिरवाच दिसणार. तो खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

आता आपल्या चुकीकडे येतो. गुलाबी बोंडअळीसाठी गावोगाव कामगंध सापळे लावले. पोरांनी रोज पतंग मोजले, आकडे मोबाईलवर पाठवले, आणि दर आठवड्याला नकाशा निघू लागला. हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पाच रंग. दिसायला फार देखणा. रंग कुठे बदलायचे हे आम्ही संगणकावर सोडले, आणि संगणक काय करतो? त्या आठवड्यातला सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा घेतो आणि मधल्या अंतराचे पाच सारखे भाग पाडतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा आकडा होता 6. झाले, 6 पतंगांचे गाव लालभडक! त्या गावात लोकांनी दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेतले. औषध गेले, मजुरी गेली, मित्रकिडीही मेल्या.

पुढे एका गावात, जिनिंगच्या बाजूला, 45 पतंग सापडले. मग भाग पडले नऊ-नऊचे. 12 पतंगांचे गाव आले दुसऱ्या रंगात, फिकट हिरव्यात. ज्या गावाने धावपळ करायला हवी होती ते निर्धास्त बसले. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला नंतर विचारले, ‘साहेब, आमचे बारा हिरवे आणि त्यांचे सहा तांबडे, हा कुठला न्याय?’ माझ्याकडे कृषीची पदवी आहे, पण उत्तर नव्हते.

खरे म्हणजे उत्तर पाठ होते, नकाशात घातले नव्हते. एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, सलग तीन रात्री, ही नुकसानीची पातळी. म्हणजे रंग बदलायची जागा 8. शेतकऱ्याचे काम जिथे बदलते तिथे रंग बदलला पाहिजे. आणि ती जागा हंगामभर हलता कामा नये, नाहीतर मागच्या आठवड्याचा नकाशा या आठवड्याशेजारी ठेवून उपयोग काय? माप रोज बदलणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे सांगायला नको.

दुसरी चूक याहून वाईट. ज्या गावातून आकडा आला नाही, तिथे संगणकाने शून्य धरले आणि गाव हिरवेगार रंगवले. सापळा वाऱ्याने पडला होता, मोजणारा पोरगा लग्नाला गेला होता, आणि नकाशा सांगत होता की एकही पतंग नाही. शून्य सापडणे वेगळे आणि पाहिलेच नसणे वेगळे.

तिसरी गोष्ट शाईची. हा नकाशा गावात झेरॉक्स होऊन लागतो. झेरॉक्समध्ये तांबडा आणि हिरवा सारखेच करडे होतात, पिवळा तर कागदात विरून जातो. काही पुरुषांना जन्मतःच तांबडा-हिरवा वेगळा दिसत नाही, त्यांना हा त्रास रंगीत नकाशातही होतो. अमेरिकेत सिंथिया ब्रुअर या नकाशाशास्त्राच्या प्राध्यापिकेने रंग निवडायचे एक फुकट साधन संगणकावर ठेवले आहे, ‘कलरब्रुअर’ नावाचे. झेरॉक्समध्ये टिकणारे आणि रंगांधांना कळणारे रंग कोणते, ते त्यात निवडता येतात. आपल्या पोरांनी ते वापरले. सोपा मार्ग निघाला तो असा की रंग एकच घ्यायचा, आणि जसजसा धोका वाढेल तसतसा तो गडद करायचा. गडद म्हणजे जास्त, हे काळ्या शाईतही कळते.

नव्या नकाशाची सूची अशी आहे. कोरा पांढरा : 8 पेक्षा कमी, डोमकळ्या तोडत राहा. मध्यम करडा : 8 किंवा जास्त, पण अजून तीन रात्री झालेल्या नाहीत, रोज मोजा. गडद : सलग तीन रात्री 8 किंवा जास्त, आजच 20 हिरवी बोंडे फोडून पाहा, दोन किडकी निघाली तर शिफारशीप्रमाणे फवारणी. आडव्या रेघा : नोंद आलेली नाही, तुमच्या शेतात तुम्हीच पाहा. सूची नकाशाच्या पोटात, मधोमध घातली आहे. कापून पाठवतो म्हटले तरी कापता येणार नाही. वर नोंदीची तारीख मोठ्या अक्षरात.

तरी एक भानगड उरली आहे. नकाशा गावाचा आहे, अळी शेतात आहे. पांढऱ्या गावातही एखाद्या फरदडीशेजारच्या रानात बोंडे पोखरलेली निघतील, त्याला सूची काही करू शकत नाही.

छापील नकाशांची चळत दाराजवळच्या टेबलावर आहे. प्रत्येक गावाने दोन घ्या, एक सोसायटीत लावा, एक पानाच्या टपरीवर. आणि लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी, न समजावता, नुसता दाखवा आणि विचारा की आपल्या गावाने उद्या काय करायचे. उत्तर चुकले तर नकाशा माझ्याकडे परत पाठवा, पुढच्या आठवड्यात बदलून देतो.